शनिवारचा निकाल रविवारी

ब्लॅकपूल
मंगळवार, दुपार

प्रिय ग्लेनिस,

हे पाकीट हातात पडलं की तू ते आधी उलटंपालटं करून बघशील आणि मग लेकीला हाक मारून म्हणशील, "नॉर्माचं पत्र आलंय, म्हणजे हिचा फोन तरी बिघडलाय नाहीतर डोकं तरी." फोन ठीक आहे. डोकं जसं होतं तसंच आहे. बिघडलाय तो घसा, आणि ते तुला माहीत आहे, कारण गेले कित्येक शनिवार तू मला मध आणि लिंबू घे म्हणून बजावते आहेस आणि मी घेते आहे म्हणून सांगते आहे. सर्दी नाही ती, ग्लेनिस. घशाचं सगळं मी पुढं लिहिते, लपवणार नाही. पण आधी मला टीव्हीवरच्या शनिवारच्या नाचाच्या स्पर्धेबद्दल बोलू दे. मी घाबरले आहे, आणि घाबरलेल्या माणसानं जिथं आपला शब्द चालतो तिथून सुरुवात करावी, हे मी कारखान्याच्या फाटकावर शिकले.

शनिवारी मी डब्यावर दहा ठोके मारले तेव्हा तू म्हणालीस, "अगं, डबा हातातून पडला का तुझ्या?" नाही पडला. संपाच्या वेळी बिस्किटांच्या कारखान्यातून उचलून आणलेला तो डबा आहे. फाटकाबाहेर उभं राहून मी तो चमच्यानं बडवलाय, आत मालकाच्या खोलीतल्या खिडक्या लागल्या तरी बडवत राहिले आहे. आता दर शनिवारी खुर्चीच्या हातावर फोन आणि मांडीवर डबा घेऊन त्याच चमच्यानं मी टीव्हीवरच्या नामांकित मंडळींना मार्क देते. तू तिकडं डंडीत तोंडानं देतेस, मी इथं ठोक्यांनी. परीक्षकांच्या पाट्या वर जाण्याआधी आपले मार्क पडले पाहिजेत. आणि तुझ्याकडं चित्र माझ्यापेक्षा क्षणभर उशिरा पोचतं, त्यामुळं कुणी घसरलं की मी आधी "अरे देवा" म्हणते आणि तू ओरडतेस, "सांगू नकोस, माझ्याकडं अजून उभा आहे तो." इतकी वर्षं मला त्याचं हसू यायचं. हल्ली येत नाही. आपल्याला आधी कळलंय आणि पलीकडचा माणूस अजून आनंदात आहे, यात हसण्यासारखं काय होतं तेच मला आता समजत नाही.

फिलिपा गार्साइडबद्दल तू जे बोललीस ते मला मान्य नाही. ती बाई नाचणारी नाही, हे मलाही दिसतं. ती टीव्हीवर स्वयंपाक शिकवणारी बाई आहे. आयुष्य चुलीसमोर उभं राहून काढलंय, त्यामुळं खांदे पुढं आलेत आणि कंबर ओल्या मैद्याच्या पोत्यासारखी वळते. पहिल्या आठवड्यात मी तिला दोन ठोके दिले होते आणि दुसरा देताना हात जड झाला होता. पण या आठवड्यात स्पर्धा इथं ब्लॅकपूलच्या टॉवरमध्ये भरली होती. आपल्या टॉवरच्या हॉलचा. माझ्या खिडकीतून टॉवरचा माथा दिसतो, ग्लेनिस, आणि टीव्हीत आतली लाकडी जमीन दिसत होती, तीच, मधानं पुसल्यासारखी. फिलिपाचा वॉल्ट्झ निम्म्यात आला आणि ती थांबली. पाय अडकला नाही, गाऊन टाचेत आला नाही, ती नुसती विसरली. तोंड थोडं उघडं, डोळे कुठंतरी सज्ज्याकडं. ऑर्केस्ट्रा वाजतच राहिला. बाकी काही नव्हतं त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, एक बाई आणि तिची भीती. माझा चमचा हातातच राहिला. तू फोनवर म्हणालीस, "हाय रे, गेली बिचारी," आणि मला वाटलं तू माझ्याबद्दलच बोलते आहेस.

मग तिच्या जोडीदारानं, त्या मिरोस्लावनं, काय केलं ते तू पाहिलंस का नीट? मला शंका आहे, कारण तू तेव्हा तिच्या बाह्यांना नावं ठेवत होतीस. त्यानं तिला ओढलं नाही. कानात काही पुटपुटला नाही. गोल फिरवून, हात उंच करून, लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकून वेळ मारून नेली नाही, आणि तो नाचाच्या धंद्यातला माणूस आहे, त्याला ते सहज येतं. तो तिला धरून जागच्या जागी झुलत राहिला, एवढासा, बंदरात बांधलेली होडी झुलते तसा. ताल पुन्हा तिच्यापर्यंत येईपर्यंत. आणि मग तिचा पाय आपण होऊन मागं गेला. परीक्षकांतल्या त्या लॅम्बर्टनं तीन दिले. लॅम्बर्टला तोंड वाकडं करण्याचेच पैसे मिळतात. म्हणे, "नाचात पुतळा बघायला मी एवढ्या लांब आलो नाही." तू पाच दिलेस, कारण तू कुणालाच पाचाच्या खाली देत नाहीस, तुझ्याकडं मार्क रेशनवर नाहीत. आणि मी दहा ठोके मारले. तू म्हणालीस, "तू? गेल्या वर्षी त्या सायकलवाल्यानं जीव काढून टँगो केला, त्याला चार दिलेस, का तर अंगठा वर होता. म्हातारी झालीस, नॉर्मा." मला उत्तर द्यायचं होतं. माझ्याकडं उत्तर होतंही. पण खोकला आला आणि मग नुसती खरखर आली, आणि तू म्हणालीस, "मध घे," आणि पुढची जोडी आली.

तेव्हा राहिलेलं उत्तर आता लिहिते. ते थोडं वळसा घेऊन येईल, चालवून घे.

आधी लोकांच्या मताबद्दल, कारण तिथं आपलं दर वर्षी भांडण होतं. तुझं म्हणणं, लोक मूर्ख आहेत, फिलिपासारखीला फोन करून करून वाचवतात आणि चांगले पाय घरी जातात. मी म्हणते, वाचवू देत. माणसाला मताचा हक्क दिला की तो त्याचा झाला, मग त्यानं तो शहाण्यासारखा वापरला नाही म्हणून परत मागता येत नाही. परीक्षक पाय बघतात. लोक काय बघतात? घरी खुर्चीत बसलेली, उद्या आपल्यालाही कुठंतरी उभं करतील आणि आपल्याला काही आठवणार नाही या धास्तीत असलेली बाई तिथं दुसऱ्या बाईला उभी बघते आणि तिला मत देते. तिनं पाय पाहिलेच नाहीत, तिनं धीर पाहिला. याला तू मूर्खपणा म्हण, मी याला एकजूट म्हणते. या एका गोष्टीवर मी अजूनही हॉल भरून बोलू शकते. बोलू शकते, असं मी लिहिलं आणि हात थांबला. तर ते राहू दे तसंच.

आता रॉनीचं. रॉनी क्रॉपर, माझ्या खालच्या मजल्यावरचा, जन्मभर ट्राम चालवलेला, तुझ्याशी एकदा फोनवर बोलून "बाई गोड आहे, तुझ्याशी कशी जमवते" म्हणाला होता तोच. तुला ठाऊक आहे की कोण बाहेर गेलं त्याचा कार्यक्रम रविवारी दाखवतात, पण तो घेतलेला असतो शनिवारीच, सगळे घरी जायच्या आत. निवेदिका कपडे बदलून येते, चमकीचा दुसरा गाऊन घालते, आणि जणू एक रात्र मधे गेली असं हसते. हॉलमध्ये बसलेल्यांना सगळं माहीत असतं. सगळा देश मात्र रविवार संध्याकाळपर्यंत माहीत नसल्यासारखा वागतो, आणि कुणी सांगायला आलं तर कानात बोटं घालतो. रॉनीला हे जमत नाही. तो संगणकावर शोधून काढतो, आणि रविवारी दुपारी माझ्याकडं चहाला येतो, आणि शपथेवर सांगतो की तो काही बोलणार नाही. बोलत नाहीच. पण त्याचा चेहरा बोलतो. ज्याला काढलंय त्याचं नाव निघालं की तो एकदम त्या माणसाबद्दल फार चांगलं बोलायला लागतो आणि केक माझ्याकडं सरकवतो. "रॉनी, तुझं तोंड बंद कर," मी म्हणते. "मी कुठं काय बोललो?" "तोंड म्हणजे हे सगळं. भुवयांपासून हनुवटीपर्यंत."

तर या रॉनीनं मला इतक्या वर्षांत चेहरा वाचायला शिकवलं, आणि ते शुक्रवारी माझ्या अंगाशी आलं. टॉवरच्या शनिवारच्या आदल्या दिवशी मी रुग्णालयात होते. तपासणीसाठी घशातल्या गाठीतून चिमूटभर काढून नेलं होतं, त्याचा निकाल होता. डॉक्टर तरुण आहे, शर्टाची कॉलर त्याला मोठी होते. तो आत आला, खुर्ची माझ्या बाजूला ओढली, टेबलाच्या पलीकडं नाही, आणि म्हणाला, "मिसेस एंटविसल, तुम्ही येताना ट्रामनं आलात का? वारा फार होता नाही?" आणि मला कळलं. केक सरकवला होता त्यानं. मी काय केलं असेल? मी बोलायला सुरुवात केली. ट्रामबद्दल, वाऱ्याबद्दल, बाहेरच्या बाकांवर म्हाताऱ्यांना टेकायला पाठ नाही त्याबद्दल, आणि मग टॉवरच्या आठवड्याबद्दल. मी बोलते आहे तोवर तो बोलू शकणार नाही, असं मला वाटलं. मालकांना मी असंच थोपवून धरलेलं आहे. तो पोरगा शांत बसून ऐकत होता. त्याला घाई नव्हती. शेवटी माझाच आवाज फाटला आणि त्या फटीतून तो म्हणाला, "स्वरयंत्र काढावं लागेल. पूर्ण."

ग्लेनिस, मी विचारलं, "मग मी बोलणार कशानं?" आणि शेजारी उभ्या नर्सनं माझा हात धरला. ती म्हणाली, पुढं काही जणांना झडप बसवतात, त्यातून बोलता येतं. मी म्हटलं, काही जणांना म्हणजे? ती प्रामाणिक बाई आहे. म्हणाली, "सगळ्यांना नाही जमत, आणि आवाज तुमचा नसतो." श्वास गळ्यातल्या भोकातून घ्यायचा. नाक तोंडावर शोभेला.

मी घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निळा ब्लाउज घातला, केस विंचरले, डबा घेतला, आणि तुझा फोन उचलून म्हणाले, "चल, कुणाची हाडं मोडायची आज?" निकाल शुक्रवारी लागला होता. मी दुसरा गाऊन घालून आले होते आणि अजून काही झालंच नाही असं हसत होते. तुझ्याकडं चित्र उशिरा पोचतं. तुझ्याकडं मी अजून उभी होते.

मला भीती वाटते. हे वाक्य मी आधी कधी लिहिलं नव्हतं, बोललेही नव्हते. तू मला फाटकावर पाहिलं आहेस. पोलिसांचे घोडे इतके जवळ आले होते की त्यांच्या तोंडाची वाफ माझ्या गालाला लागली, आणि मी बोलत राहिले, आणि तू माझ्या मागं माझा कोट धरून उभी होतीस. मला तेव्हा भीती वाटली नाही, कारण बोलत होते. आता मला कळतंय की मी शूर नव्हतेच, मला नुसता आवाज होता. रविवारी मी करून बघितलं. ठरवलं, चहा होईपर्यंत तोंडातून ध्वनी काढायचा नाही. एवढ्यात रॉनी आला. मी ओठ हलवून "ये" म्हटलं, हातानं दाखवलं की घसा बसलाय. आणि रॉनी, जो चांगला माणूस आहे, जो माझ्यासाठी बर्फात दूध आणायला गेलेला आहे, तो माझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागला. "तुला – चहा – देऊ – का?" जणू मी बहिरी आहे किंवा परदेशातून आले आहे. मग माझं उत्तर यायच्या आतच त्यानं साखर घातली. मी साखर घेत नाही. मी तो चहा प्याले. मला त्याचा राग आला नाही. मला भीती वाटली. कारण हेच होणार. लोक माझ्यासाठी साखर घालतील आणि मी ती पिईन. खाटकाच्या दुकानात माझ्याआधी मागचीचा नंबर लागेल. सभेत कुणीतरी काहीतरी धडधडीत खोटं बोलेल आणि मी हात वर करून बसेन आणि अध्यक्ष म्हणतील, आपल्या नॉर्माताईंना बरं नाही, त्यांना त्रास नको. आणि गर्दीत कुणी माझं नाव घेऊन हाक मारली तर मी वळून बघेन, पण ओ देता येणार नाही.

रविवारी पत्राऐवजी फोनच करणार होते. उचलला, तुझा नंबर फिरवला, तू "हॅलो" म्हणालीस आणि माझ्या तोंडून शब्दच आला नाही. घशामुळं नव्हे. मी गप्प राहिले, पलीकडं तुझा टीव्ही चालू होता, तू आणखी एकदा "हॅलो" म्हणालीस, आणि मग "असतील कुणीतरी विकणारे" असं लेकीला म्हणत फोन ठेवलास. ती मी होते. तुझी चूक नाही. फोनवर गप्प असलेल्याचं सगळे असंच करतात, मीही करते. पण फोन ठेवल्याचा तो आवाज आला ना, तेव्हा मला कळलं की मला सगळ्यांत जास्त कशाची भीती वाटते. भोकाची नाही. सुरीचीही नाही. पुढच्या प्रत्येक शनिवारी हाच आवाज ऐकावा लागेल, याची.

गेल्या वर्षी त्या स्पर्धेत दोन बायका जोडी म्हणून नाचल्या आणि वर्तमानपत्रांना केवढा घाम फुटला, आठवतं? जणू जगात प्रथमच घडत होतं. मी तेव्हा म्हटलं होतं, या लोकांनी शुक्रवारी संध्याकाळी पगार झाल्यावर टॉवरचा हॉल बघायला हवा होता. कारखान्यातल्या पोरींच्या जोड्याच जोड्या. पोरं बारपाशी पेले धरून उभी, कुणालाही विचारायची हिंमत नाही, आणि पोरी आपल्या आपल्यात जमीन झिजवतायत. दोघींपैकी एकीला पुरुषाची, म्हणजे पुढं चालायची, बाजू घ्यावी लागायची, आणि ती मीच घेतली, कुणी विचारायच्या आधी. तुला मी मागं चालवलं. उन्हाळेच्या उन्हाळे. कुणी आपल्याला काही म्हटलं नाही, आणि आपण दोघींनीही एकमेकींना काही म्हटलं नाही, आणि मग तुझं लग्न झालं, माझंही झालं. वॉल्टर बिचारा. एकदाच नाचला माझ्याशी. म्हणाला, "बाई, मला नाचायला आणलंयस की कपाट सरकवायला?" आणि जाऊन बसला तो जन्मभर बसला. कारण माझा पाय मागं जात नाही. पुरुषाच्या बाजूनं नाचलेल्या आपल्याकडच्या सगळ्या पोरींचं हेच झालं, एकदा पुढं चालायची सवय लागली की अंग दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. पाठीला डोळे नाहीत, मागं कोण आहे दिसत नाही, आणि तरी पाऊल टाकायचं. मला ते कधी जमलं नाही.

मी तुला एकदा विचारलं होतं, गर्दीच्या एका शुक्रवारी, जेव्हा एक जोडपं धाडकन आपल्या शेजारी पडलं. विचारलं होतं, "तुला मागं जाताना भीती नाही का गं वाटत?" तू चुइंगम चघळत होतीस. तू म्हणालीस, "कशाला? तू बघतेस ना." आणि माझ्या खांद्यावर हात नीट ठेवलास. मी आयुष्यात पुष्कळ टाळ्या घेतल्या आहेत, ग्लेनिस, उभं राहून वाजवलेल्या. पण मला कुणी एवढी मोठी गोष्ट दुसऱ्यांदा म्हटली नाही.

म्हणून मी त्या वॉल्ट्झला दहा दिले. फिलिपाला नाही, तिला मी फार तर चार दिले असते, खांदे अजून पुढंच आहेत. ते दहा थांबण्याला होते. मी मिरोस्लाव असते तर ओढलं असतं तिला, कानात सूचना दिल्या असत्या, हॉलभर फरफटत नेऊन ताल पकडला असता आणि वर लोकांना अभिवादन केलं असतं. त्यानं तिला विसरू दिलं. सगळा देश बघत असताना, परीक्षक पेन्सिलीला टोक काढत असताना, तो थांबला. तिचा पाय मागं गेला कारण तिला कळलं की हा बघतोय.

तर आता हे पत्र कशासाठी ते. गुरुवारी सकाळी मला आत घेतील. उद्या, बुधवारी, हे तुझ्या हातात पडेल आणि उद्याची संध्याकाळ माझ्याजवळ आहे. शनिवार नाही, तरी फोन कर. आवाज जपून ठेव असं म्हणू नकोस, जपून कुठं ठेवायचाय. मी काय बोलेन ते मला माहीत नाही, बहुधा लॅम्बर्टला शिव्या देईन. तू फक्त ऐक. त्यानंतरचे काही शनिवार मी नळ्यांत असेन, तेव्हा तू एकटी बघ आणि दोघींचे मार्क दे, माझे देताना हात आखडता घे. पण शेवटच्या फेरीच्या शनिवारी मी घरी असेन असं ते म्हणतात. तेव्हा तू नेहमीसारखा फोन कर. मी उचलीन. पलीकडून कुणी बोलणार नाही, आणि ते विकणारे कुणी नसतील. तू बोलायला लाग. आता तू पुढं हो, मी मागं चालते, मला येत नाही, शिकते. मला विचारू नकोस की ऐकते आहेस का, मला ते आवडणार नाही. नाच झाला की चमचा वाजेल, तेवढे माझे मार्क. कधी वाजायला वेळ लागला, किंवा मला रडू आलं आणि त्याचा आवाज नुसत्या वाऱ्यासारखा आला, तर घाबरून काही बडबडू नकोस, मला ओढू नकोस. नुसती थांब. फोन ठेवू नकोस.

तुझीच,
नॉर्मा